कुंकवाखालचा काटा

करमाडच्या फाट्यावर मल्हारीचं गॅरेज होतं तेव्हा लोक म्हणत, गाडी आधी मल्हारीच्या कानात जाते आणि मग त्याच्या हातात. ट्रॅक्टर असो, जीप असो, नाहीतर जालन्याहून धापा टाकत आलेला टेम्पो असो. मल्हारी लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ उजव्या कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. गाडीवाला मधेच काही सांगू लागला तर हात वर करून त्याला गप्प करायचा. मग डोळे उघडून एवढंच म्हणायचा, "खोलावं लागंल," किंवा "जा, काय झालं नाय." त्यानं 'जा' म्हटलेली गाडी कधी वाटेत थांबली नाही, आणि खोललेल्या इंजिनात त्यानं सांगितलेलं दुखणं सापडलं नाही असंही कधी झालं नाही.

हा कान त्याला बापाकडून आला होता. खंडेराव मेंढरं राखायचा. दीडशे मेंढरांत एखादी खोकली की तो पाठमोरा बसल्या बसल्या सांगायचा, ही कानतुटकी, हिला दव बाधलंय. मल्हारी सहा वर्षांचा असताना बापानं मुंडाशाचं टोक त्याच्या डोळ्यांवर बांधून त्याला कळपात बसवलं होतं आणि कोणती मेंढी कुठं आहे ते ओळखायला लावलं होतं. पुढं चराऊ रानं गेली, शेंद्र्याला कारखाने उभे राहिले, मेंढरं विकली गेली. कान तेवढा राहिला.

त्याची बायको बानाबाई मात्र या कानाचं कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हती. शेजारच्या आशाबाईला ती म्हणायची, "इंजनाची कुरकुर ऐकू येती ह्यांना. माझी तेवढी येत नाय." मल्हारी मिशीत हसायचा, कारण तेव्हा त्याला हेही ऐकू यायचं.

करमाडच्या शिवारात आप्पासाहेबांची मोठी जमीन. राहायला मात्र ते शहरात, गारखेड्याच्या बंगल्यात. मोटारींचा शौक त्यांना तरुणपणापासून. १९७६ साली छावणीतल्या एका निवृत्त होणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी एक जुनी इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स कार घेतली. दोनच माणसांची, बुटकी, गडद हिरवी. वर टप नाही. पाऊस आला तर कापडी छत ओढून घ्यायचं. गावानं तिचं नाव पाडलं बोडकी. आप्पासाहेबांच्या पत्नी आवडाबाई यांना तो शब्द फार लागला. कुंकू लावणाऱ्या बाईनं असल्या नावाच्या गाडीत बसायचं कसं? म्हणून घरात तिला 'उघडी' म्हणू लागले, आणि मल्हारीही तेच म्हणे.

या उघडीच्या चाकासमोरच्या फळीवर तीन गोल तबकड्या होत्या. एक वेगाची, एक पेट्रोलची आणि तिसरी ऑइलच्या दाबाची. इंजिनातून गव्हाच्या काडीएवढी बारीक तांब्याची नळी निघून थेट त्या तिसऱ्या तबकडीच्या पाठीला जायची, आणि इंजिनात ऑइल किती जोरानं फिरतंय ते काटा दाखवायचा. जोर कमी झाला की समजायचं, आतली बेरिंगं झिजली. १९९३च्या हिवाळ्यात आप्पासाहेब आणि आवडाबाई एका लग्नाला निघाले असताना ती नळी तबकडीपाशी चिरली आणि कढत ऑइल आवडाबाईंच्या गुडघ्यांवर पसरलेल्या नव्याकोऱ्या हिमरू शालीवर उतरलं. आवडाबाई लग्नाला तशाच गेल्या, पण येताना एस.टी.नं आल्या.

दुसऱ्या दिवशी मल्हारीनं नळी काढली आणि इंजिनाच्या भोकात बोल्ट पिळून ते बंद केलं. नवी नळी आणून बसवतो, असं तो म्हणाला तेव्हा आप्पासाहेबांनी हात झटकला. "राहू दे. तुझा कान असताना मला काटा कशाला?"

मल्हारीला जन्मात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. नळी त्यानं पुन्हा कधी बसवलीच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गारखेड्याला यायचा, उघडीचं ऐकायचा, चहा घ्यायचा आणि परत जायचा.

तिसऱ्या तबकडीचा काटा शून्यावर पडला तो पडलाच. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची तेव्हा आवडाबाई हळदकुंकू त्याच तबकडीवर लावायच्या. चालत्या तबकड्यांवर लावलं तर आकडे झाकतील, ही बिचारी रिकामीच बसलीय, असं त्यांचं म्हणणं. एकतीस दसऱ्यांचं कुंकू काचेवर चढत गेलं आणि काटा दिसेनासा झाला.

मल्हारीचा कान नेमका कधी गेला हे त्याला सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं हातोडे आणि बिनसायलेन्सरची इंजिनं ऐकलेला कान तो. आधी चिमण्या गेल्या. मग एस.टी.तल्या कंडक्टरचं बोलणं गेलं. मग समोरच्यानं पाठ फिरवली की त्याचे शब्द जाऊ लागले. डावा पुरता बंद झाला. उजव्यात उरलं ते कोणी हंड्यात तोंड घालून बोलावं तसं. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं, कळलं नाही की मान डोलावून हसायचं, फोन आला की "बरं, बरं, ठेवतो" म्हणून ठेवून द्यायचा, असं त्याचं चाललं होतं. गुडघे दुखतात म्हणून त्यानं गॅरेज बंद केलं. लोकांना ते खरं वाटलं. उघडी तेवढी त्याला सोडवेना. पेचकस कानाला लावायचा तो आता नुसता सवयीनं. खरं ऐकायचा तो डाव्या तळहातानं. हात बॉनेटवर सपाट ठेवला की इंजिनाची थरथर हाडात चढायची आणि पुष्कळ काही कळायचं. पण सगळं नाही. झिजत आलेल्या बेरिंगांची खोल, हलकी ठकठक तळहाताला कळत नाही. गेल्या दिवाळीत त्यानं असाच हात ठेवला, पेचकस कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "झकास हाय, आप्पासाहेब."

त्यानंतर माघात बानाबाई गेली.

दुपारची वेळ होती. मल्हारी पुढच्या ओट्यावर बसून कुणाच्या तरी स्कूटरचा कार्बोरेटर रॉकेलनं धूत होता. बानाबाई मागच्या अंगणात शेळ्यांना पाला टाकायला गेली होती. चहाची वेळ टळली तरी चहा आला नाही म्हणून मल्हारी उठून मागं गेला, तर ती छपराच्या तोंडाशी पडलेली. एक हात छातीशी होता, आणि एक शेळी तिच्या पदराचं टोक चघळत उभी होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. थोडं आधी आणलं असतं तर...

मातीला जमलेल्या बायकांत आशाबाई सांगत होती की भिंतीपलीकडून दोनदा "आवं" अशी हाक आली होती, मग शांत झालं, तेव्हा तिला वाटलं, भाऊ गेले असतील मागं. मल्हारी तिच्या ओठांकडे बघत होता म्हणून त्याला हे कळलं. त्याची एकुलती मुलगी रत्नमाला रडता रडता त्याच्याकडे वळली आणि तिनं विचारलं, "आबा, तुम्ही कुठं होता?"

"फाट्यावर गेलतो," मल्हारी म्हणाला.

ओट्यापासून शेळ्यांच्या छपरापर्यंत वीस पावलं होती.

रत्नमाला गारखेड्यातच राहायची, आप्पासाहेबांच्या बंगल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. आई गेल्यावर ती दर दोन दिवसांनी बापाला फोन करू लागली. जेवलात का, औषध घेतलं का, इकडंच या ना राहायला. पलीकडून "बरं, बरं, ठेवतो" यायचं आणि फोन बंद व्हायचा. आई होती तोवरच आपलं माहेर होतं, आबांना आपण नकोशा झालोत, अशी तिची समजूत होत चालली होती. हळदीकुंकवाला आवडाबाईंकडे गेली की ती त्यांच्यापाशी हे बोलून दाखवायची.

बानाबाई गेल्यापासून मल्हारीची रविवारची खेप बंदच होती. भाद्रपदात आप्पासाहेबांचा निरोप आला. ब्याऐंशी वर्षांच्या पायांना आता क्लच दाबवत नव्हता. उघडी त्यांनी नातीला, श्रेयाला, द्यायची ठरवली होती. श्रेया पुण्यात नोकरीला. गाडी चालवायला शिकली ती याच गाडीवर. सोमवारी सकाळी ती उघडी स्वतः चालवत पुण्याला नेणार होती. तेव्हा मल्हारीनं शनिवारी येऊन एकदा ऐकावं आणि 'जा' म्हणावं, एवढंच काम होतं.

शनिवारी तो आला. श्रेयानं इंजिन सुरू केलं. मल्हारीनं पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. लांबून पाणी वाहत यावं तसं काहीतरी आलं, आणि तेही इंजिनाचं की स्वतःच्याच डोक्यातलं ते त्याला कळेना. डाव्या हाताला थरथर नेहमीचीच लागत होती. त्यानं डोळे उघडले. बॉनेटच्या पलीकडे श्रेया उतरून उभी होती, हसत, त्याच्या तोंडाकडे बघत. मल्हारीला ठाऊक होतं की बेरिंगं झिजून चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं की चाकं जागच्या जागी धरतात, आणि नगर रस्त्यावर मागून येणारा ट्रक काही थांबत नसतो. माघाच्या आधीचा मल्हारी कदाचित 'जा' म्हणून गेलाही असता. आता तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

"काटा जोडावा लागंल," तो म्हणाला.

आप्पासाहेब मोठ्यानं हसले. एकतीस वर्षांनी आज काटा आठवला होय, कान म्हातारा झाला की काय, असं त्यांनी विचारलं.

"पोरगी एकटी जाणार," मल्हारी म्हणाला. "माझा कान काय पुण्याला जायचा नाय तिच्यासंगं."

हे उत्तर सगळ्यांना आवडलं. आवडाबाईंनी तर ते आत जाऊन स्वयंपाकीणबाईलाही सांगितलं.

त्याच दुपारी तो नळीसाठी शहागंजला गेला. तांब्यापितळेच्या नळ्यांचं ते दुकान त्याच्या ओळखीचं, पण गल्ल्यावर आता जुन्या मालकाचा मुलगा बसत होता. तो फळीकडे तोंड करून काहीतरी विचारत राहिला आणि मल्हारी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिला. तिसऱ्या वेळी मुलगा वळला. "क्या चाचा, कान गिरवी रखके आए क्या?" गिऱ्हाइकं हसली. मल्हारीही हसला. न कळलेल्या गोष्टीला हसायची त्याला सवयच होती. ही मात्र कळली होती.

घरी येऊन त्यानं आपल्या जुन्या वहाणेच्या पट्ट्यातून पावलीएवढी चामड्याची चकती कापली आणि मधोमध भोक पाडलं. नळी तबकडीला पिळताना मधे चामडंच लागतं. रबर ऑइलनं सडतं.

रविवारी सकाळी तो कामाला बसला. इंजिनातला जुना बोल्ट सहजी हलेना. त्याला रॉकेल पाजून तो चहा प्यायला गेला आणि आल्यावर बोल्ट निघाला. इंजिनाकडच्या टोकाला लागणारी तांब्याची चकती त्यानं चिमट्यात धरून लाल केली आणि पाण्यात विझवली, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि घट्ट बसतं. नळीला दोन वेटोळी दिली, इंजिनाच्या हादऱ्यानं ती पुन्हा चिरू नये म्हणून. या कामाला कान लागत नव्हता. बऱ्याच दिवसांनी त्याचे हात निवांत चालले होते. इंजिन जरासं फिरवल्यावर नळीच्या टोकाशी ऑइलचा थेंब आला तेव्हा त्यानं ती तबकडीला पिळली, आणि मग तो थांबला.

काचेवरचं कुंकू पुसायला हवं होतं. सवाष्णीनं लावलेलं कुंकू, आणि आपण बायको गेलेला माणूस. त्यानं आवडाबाईंना हाक मारली. "आक्का, एवढं तुमीच करा."

आवडाबाई वाटीत पाणी घेऊन आल्या. पुसायलाच पाहिजे का, असं त्यांनी एकदा विचारलं. मग पदराचं टोक भिजवून त्या हळूहळू काच पुसू लागल्या. वाटीतलं पाणी लाल होत गेलं. आधी आकडे दिसले, मग काटा. गाडी बिनकुंकवाची नको म्हणून त्यांनी बोटाला लागलेलं कुंकू स्टिअरिंगच्या मधोमध टेकवलं.

श्रेयानं किल्ली फिरवली. काटा थरथरला आणि सरळ साठावर जाऊन उभा राहिला. आप्पासाहेबांनी काठी जमिनीवर आपटून आनंद केला. मल्हारी मात्र श्रेयाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, इंजन तापू दे, ऑइल पातळ झालं की काटा खरं सांगतो, जालना रोडपर्यंत चक्कर मारून येऊ. वाटेत श्रेया काय काय बोलत होती. तो काट्याकडेच बघत होता. साठ, चाळीस. सिग्नलला थांबले तेव्हा पंचवीस. परत बंगल्याच्या फाटकात गाडी उभी राहिली आणि इंजिन नुसतं चालू राहिलं तेव्हा काटा पाचावर येऊन टेकला.

आप्पासाहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, काटाच जुना, इतकी वर्षं पडून होता, बिघडला असणार. त्यांनी श्रेयाला बॉनेट उघडायला सांगितलं, स्वतः जाऊन पेचकस आणला आणि मल्हारीच्या हातात दिला. "तू ऐक आणि सांग. तुझा कान काय म्हणतो?"

काटा बिघडलाय, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांचा विश्वास बसला असता. त्याच्या शब्दावर या घरात आजवर कुणी शंका घेतली नव्हती. मल्हारीनं पेचकस क्षणभर हातात तोलला आणि मडगार्डवर ठेवून दिला.

"काटा बराबर हाय, आप्पासाहेब. कान गेलाय."

"कधीपासून?"

"तीन वर्सं झाली आसतील."

"दिवाळीत 'झकास हाय' म्हणालास."

"व्हय."

"तेव्हा ऐकू आलं नव्हतं?"

"नाय."

आप्पासाहेबांनी आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं ते मल्हारीला काटा शून्यावर आला त्यावरून कळलं.

दिवाळीत त्यांनी आवडाबाईंना शेजारी बसवून दौलताबादचा घाट चढला होता. ते आठवून आप्पासाहेब भिंतीकडे बघत काहीतरी बोलले. मग लक्षात येऊन त्यांनी तोंड मल्हारीकडे वळवलं. "सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मल्हारीला बरं वाटलं असतं. श्रेयानं वाकून बॉनेट लावता लावता काही म्हटलं. ते चांगलं होतं की वाईट ते मल्हारीला कळलं नाही, आणि विचारवलंही नाही. गाडी सोमवारी जाणार नव्हती, इंजिन खोलावं लागणार होतं, एवढं नक्की होतं.

आवडाबाई लाल पाण्याची वाटी हातात घेऊन अजून तिथंच उभ्या होत्या. त्या फिरून त्याच्या समोर आल्या, उजेड तोंडावर पडेल अशा उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मल्हारीभाऊ, बाना पडली तेव्हा तुम्ही खरंच फाट्यावर होता का?"

मल्हारी वाटीतल्या पाण्याकडे बघत म्हणाला, "घरीच व्हतो, आक्का. वट्यावर."

आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "रत्नाला ठाऊक आहे?"

"नाय."

"ती समजते, तुम्हाला ती नकोशी झालीय." त्यांनी फाटकाकडे हात केला. "जा. आत्ता जा."

रत्नमाला हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होती. नवरा लेकीला घेऊन बाहेर गेला होता. बाप असा न सांगता आलेला बघून ती गडबडीनं उठू लागली, तर मल्हारीनं तिला खाली बसवलं आणि स्वतः समोर बसला. त्यानं कानापासून सुरुवात केली. चिमण्यांचं सांगितलं, कंडक्टरचं सांगितलं, फोनचं सांगितलं. फोनचं ऐकल्यावर रत्नमालाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, एवढंच होतं होय, आणि मी काय काय मनात घेऊन बसले. कानाचं मशीन मिळतं, उद्याच दवाखान्यात जाऊ. ती त्याच्याकडे तोंड करून बोलत होती, म्हणून त्याला सगळं कळलं. तिचा चेहरा माघानंतर पहिल्यांदा मोकळा झालेला त्याला दिसला. तिथंच थांबता आलं असतं.

"मशीन माघाच्या आदी आणायला पायजे व्हतं," मल्हारी म्हणाला. "मी फाट्यावर गेलो नव्हतो, रत्ना. वट्यावरच व्हतो."

तिला आधी अर्थ लागला नाही. मग तिच्या हातातली काडी खाली पडली. "म्हणजे आईची हाक तुम्हाला ऐकू आली नाही?"

"दोन्ही येळा नाय."

तिचे ओठ भराभर हलले. ते इतके थरथरत होते की मल्हारीला एक शब्द वाचता आला नाही. "काय म्हणलीस?" त्यानं विचारलं. तिनं ते पुन्हा सांगितलं नाही. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दार आपटलं की हळूच लावलं, तेही त्याला कळलं नाही.

तो बसून राहिला. अर्धी मेथी निवडलेली होती, अर्धी तशीच. आत ती रडत होती, की फोनवर कुणाशी बोलत होती, की नुसती गप्प बसली होती? बाहेर बसलेल्याला सगळं सारखंच होतं. माघातल्या त्या दुपारीही असंच सगळं शांत होतं, आणि तो कार्बोरेटर धूत होता.

मल्हारी गुडघ्यांवर हात देऊन उठला. दारापाशी गेला. कडी वाजवली नाही. डावा तळहात त्यानं दाराच्या फळीवर सपाट ठेवला, बॉनेटवर ठेवायचा तसा. आधी नुसता लाकडाचा गारवा लागला. मग, थांबून थांबून, एकदा जोरात, एकदा हलकी, थरथर हाताला लागू लागली. ती आतून दाराला पाठ लावून बसली होती.

त्यानं डोळे मिटले आणि हात तसाच राहू दिला.